डबीचं ऐकून मामांचा भत्ता कापला

गाड्यांवर नजर ठेवायला घेतलेल्या जीपीएस डब्यांत मी फसलो. गेले १,१४,९४८ रुपये. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय. 'लाखभर गेले' म्हटलं की लोकांना वाटतं, याने हिशेबच ठेवला नसणार. ठेवला होता. ९ मालट्रकना ९ डब्या, एकेक ६,८०० ला, म्हणजे ६१,२००. तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन आगाऊ, गाडीमागे ३,६००, म्हणजे ३२,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १६,८४८. शिवाय फिटिंगचे गाडीला ५०० प्रमाणे ४,५००. हे रोख, पावती नाही.

आमच्या गाड्या सोलापुरातून चादरी-टॉवेलच्या गाठी पुण्याला, भिवंडीला नेतात. हंगामात मार्केट यार्डातला कांदा. मागच्या पावसाळ्यात यवतजवळ ड्रायव्हरला डुलकी लागली आणि गाडी डिव्हायडरला घासली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. ड्रायव्हर किती तास सलग चालवतो, कुठं थांबतो, एवढंच मला कळायला हवं होतं. ज्यांनी ज्यांनी 'लोभापायी फसलास' असं ऐकवलं, त्यांनी सांगावं, यात लोभ कसला?

डबी विकणारा आला तो चिंचोली एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाचं नाव सांगून. (त्या ओळखीच्यालाही त्याने माझंच नाव सांगितलं होतं. हे नंतर कळलं. एक फोन करायला काय झालं होतं मला?) डबी विकायच्या आधी कायदा सांगायला लागला. १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. सगळं तोंडपाठ, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे सगळं बरोबर. त्यातच मी विरघळलो. मग एआयएस-१४० चं, म्हणजे गाडीतल्या ट्रॅकिंग यंत्रांच्या सरकारी मानकाचं, स्टिकर दाखवलं. हा नियम जानेवारी २०१९ पासून प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना लागू झाला, हे मला माहीत होतं. 'मालवाहूंनाही येतोय, आत्ता लावा, दंड वाचवा,' म्हणाला. स्टिकर काय, गल्लीत छापून मिळतं. एआरएआयसारख्या, वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेचं मॉडेल नंबरासकट प्रमाणपत्र मागा. नाही म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

पहिला महिना नकाशावर ठिपके पळत होते. मी रात्री अंथरुणात पडून बघायचो, बायको वैतागली होती. मग ठिपके जागच्या जागी थिजले. 'सर्व्हर अपग्रेड चालू आहे शेठ, रिपोर्ट मात्र रोज येईल.' आणि खरंच यायचा. सकाळी ८ ला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, प्रत्येक ड्रायव्हरची ड्युटी. ७ तास ४८ मिनिटं, ७ तास ५२, ७ तास ४५. पुणे रोडवर रोज एवढ्या शिस्तीत कुणाची गाडी चालते? हा प्रश्न मला पडायला हवा होता.

पण खरी लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. भिवंडीला माल उशिरा पोचला, पार्टी माझ्यावर ओरडली. पीडीएफ म्हणत होता, गाडी रात्री ११.१० ते पहाटे ५.०५ टेंभुर्णीत उभी. ड्रायव्हर आमचे सगळ्यात जुने, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते म्हणाले, 'शेठ, मी घाटात अडकलो होतो. टेंभुर्णीत चहा प्यायलो, दहा मिनिटं.' मी म्हणालो, 'मामा, मशीन खोटं बोलत नाही.' आणि १,२०० रुपये भत्ता कापला. त्याच फोनवर, त्या पीडीएफच्या अगदी वर, फास्टॅगचा मेसेज होता. सरडेवाडी टोल, रात्री १.४२. सरडेवाडी टेंभुर्णीच्या पुढं, इंदापूरजवळ. टेंभुर्णीत झोपलेली गाडी सरडेवाडीचा टोल कसा भरेल? मी मेसेज वाचला, पैसे बरोबर कापलेत का ते बघितलं आणि बाजूला सारला.

भांडं फुटलं ते गिअरबॉक्समुळे. एक गाडी चार दिवस मेकॅनिककडे, गिअरबॉक्स खाली उतरवलेला. पीडीएफमध्ये तीच गाडी ७ तास ५१ मिनिटं चाललेली! ऑटो इलेक्ट्रिशियनने डबी उघडली. लाल-काळी वायर बॅटरीला, इग्निशनची वायर गुंडाळून वर टेप मारलेला. म्हणजे इंजिन चालू की बंद, हे डबीला पहिल्या दिवसापासून कळणारच नव्हतं. आत साधं प्रीपेड सिम, रिचार्ज संपलेलं. नऊही गाड्यांत तेच. फिटिंग होताना स्वतः उभे राहा, आणि तीन वर्षांचे पैसे एकदम कधीच देऊ नका. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर परगावच्या कापड दुकानाचा निघाला. हे बघायला लॉगिनही लागत नाही, दोन मिनिटांचं काम.

आता तक्रारीची कथा. चौकीत सांगितलं, 'वस्तू दिली ना त्याने? मग हा दिवाणी मामला.' मी म्हणालो, बिल खोटं आहे. तर, 'मग जीएसटीवाल्यांकडे जा.' तिथं अर्जावर शिक्का मारून दिला, तो शिक्का अजून माझ्याकडे आहे, बाकी काही नाही. सायबरवाले म्हणाले, 'माणूस घरी येऊन चेक घेऊन गेला, यात सायबर काय?' रोज येणारा खोटा पीडीएफ सायबर नाही तर काय भूपाळी आहे का! गाड्यांची कागदपत्रं जिथं करतो तिथले साहेब म्हणाले, 'मालट्रकला आम्ही सक्ती केलीच नव्हती, तुम्ही लावलं कशाला?' वकिलांनी २०१९ चा ग्राहक कायदा उघडून दाखवला. धंद्यासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतली तरच बसते. नऊ गाड्यांच्या मालकाला तिथं उभं करणार नाहीत म्हणे. पाच महिने, अकरा हेलपाटे. शेवटी एका हवालदाराने हळूच विचारलं, 'तुम्ही शिकलेले दिसता, मग असं कसं?' तेवढा एकच प्रश्न मला खरा वाटला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, माझ्यासारखं थांबू नका.

आणि डबी खरी असली तरी ती गाडी मोजते, माणूस नाही. स्टिअरिंगवर ड्रायव्हर आहे की क्लीनर, ते तिला कळत नाही. त्यासाठी ड्रायव्हरचं वेगळं कार्ड लागतं. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही, मामांनी सांगितलं.

त्यांचे १,२०० परत दिले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी नोटा घेतल्या, माझ्यासमोर दोनदा मोजल्या आणि गाडीची चावी मागितली.