सोबत्याच्या नावाचं बाकडं: सिमेंटचं घेताना

फिरायच्या ग्रुपमधलं कुणी गेलं की त्यांच्या नावाचं बाकडं बसवायचं, ही पुण्याच्या टेकड्यांवरची आणि बागांमधली जुनी रीत. त्यासाठी बहुतेक जण साच्यात ओतलेलं, पाठीचं, पाच फुटी सिमेंटचं बाकडं घेतात. आमचं मत असं की बाकडं जरूर घ्यावं, पण त्याच्याबरोबर मिळणारी पाटी घेऊ नये.

बाकडं चार तुकड्यांत येतं: बसायची फळी, पाठ आणि दोन पाय. पाच फूट लांब, सव्वा फूट रुंद, अडीच इंच जाड फळी एकटीच ९० किलोंच्या आसपास भरते. सगळं मिळून २०० किलो धरा. टेम्पो पायथ्याशीच थांबतो, तेव्हा वर चढवायला चार माणसं, दोर आणि बांबू लागतात. पण हे वजनच कामाला येतं. लोखंडी बाकडं भंगारात जातं, लाकडाला वाळवी लागते, हे जागेवर राहतं.

सिमेंटचं बाकडं बिघडतं ते आतल्या सळईमुळे. फळीच्या खालच्या अंगाला सळईवर निदान पाऊण इंच काँक्रीट हवं. कमी असलं की पावसाचं पाणी आत झिरपतं, सळई गंजून फुगते आणि कडेचे टवके उडू लागतात. म्हणून पैसे देण्याआधी फळी उलटी करून बघा. खाली तपकिरी रेघ दिसली, किंवा खडी उघडी पडून भोकं राहिली असली, तर दुसरी मागा. ओतल्यावर किती दिवस पाणी मारलं तेही विचारा. दहा दिवस तरी हवेत. कमी मारलेल्या फळीची कड नखाने खरवडली तरी भुकटी निघते.

उंची साच्यागणिक बदलते. बसवून झाल्यावर बैठक जमिनीपासून १८ इंच आली पाहिजे. यावर टेकणारे असतात ते गेलेल्या सोबत्याच्याच वयाचे, गुडघे धरून चालणारे. १५ इंचांवरून उठायला त्यांना दुसऱ्याचा हात लागतो. हात टेकायला जागा असलेला साचा मिळाला तर तोच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. फळीला पुढच्या बाजूला किंचित उतार ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळाभर पाणी साचून शेवाळं धरतं.

टेकडीवर मुरूम लगेच लागतो, तिथे पाय फूटभर पुरले की झालं. बागेतली काळी माती मात्र पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बाकडं एका अंगाला कलतं. तिथे दीड फूट खोदून तळाशी मुरूम ठोकून घ्या, मग १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये पाय बसवा. आठवडाभर कुणाला बसू देऊ नका.

आता पाटी. बाकड्याबरोबर बऱ्याचदा पातळ फरशीवर लेझरने उमटवलेली पाटी मिळते. तिची अक्षरं वरवरची असतात, धूळ बसली की नाव दिसेनासं होतं. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याचंच नाव वाचता येऊ नये, हे फार लागतं. पाटी कोनशिला करणाऱ्याकडून वेगळी घ्या: १८ मिलिमीटर जाडीचा काळा ग्रॅनाइट, १२ बाय ८ इंच, अक्षरं निदान दोन मिलिमीटर खोल आणि इंचभर उंच, आत पांढरा रंग. सोनेरी रंग चार दिवस झकपक दिसतो, पण लांबून पांढराच वाचता येतो. पितळेची पाटी चोरीला जाते. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पाटी उन्हाने सुटते. चार कोपऱ्यांना स्टेनलेसचे स्क्रू हवेत. पाठ ओतण्याआधीच पाटीच्या मापाची खाच ठेवायला सांगितली तर काम सगळ्यात पक्कं होतं.

मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी तो बहुधा डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप होतो. तिथे रफार सरकतो, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं. खऱ्या मापाची छपाई कागदावर मागा आणि दोघांनी वाचा; त्यातलं एक घरचं माणूस असावं. ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ दगडावर हमखास चुकतं, ‘स्मरणार्थ’ पुरेसं आहे. पूर्ण नावाखाली हाक मारायचं नाव घाला: नाना, आक्का, मास्तर, जे असेल ते. वाटेवरचे लोक त्यांना त्याच नावाने ओळखत होते. वर्गणीदारांची यादी नको, तेवढ्याने अक्षरं बारीक होतात.

या सगळ्याआधी लेखी परवानगी घ्या: वनजमीन असेल तर वन विभागाची, बाग असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाची. तोंडी होकारावर बसवलेलं बाकडं उचललं जाऊ शकतं. जागा शक्यतो गेलेला सोबती दम खायला थांबायचा तिथलीच मागा, वाटेपासून दोन फूट आत. वडा-पिंपळाखाली पक्ष्यांची घाण पडते. तोंड पूर्वेला केलं तर सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, उत्तरेला केलेलं बरं.