खस की हिना : मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कोणते अत्तर घ्यावे?

मराठवाड्यात अत्तर घेताना ते कोणत्या ऋतूत लावायचे आहे हे आधी ठरवावे, कारण मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की चांगल्यातले चांगले अत्तरही डोके उठवू शकते. छत्रपती संभाजीनगरच्या सिटी चौक परिसरातील एका जुन्या दुकानातून मी खस आणि हिना या दोन्हींच्या लहान कुप्या घेतल्या व आलटूनपालटून वापरून पाहिल्या.

खस म्हणजे आपला वाळाच. वाळ्याची सुकलेली मुळे तांब्याच्या डेगेत पाण्यासह तापवून त्यांची वाफ भपक्यात, म्हणजे वाफ थंड करून गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरवतात, आणि चंदनतेलाचा आधार न घेता निघालेल्या निव्वळ तेलाला रूह खस म्हणतात. मी घेतलेले अत्तर दाट आणि हिरवट होते. काचेच्या कांडीने मनगटावर टेकवल्यावर ते पहिल्यांदा कडवट, मुळांचा आणि किंचित धुराचा वास देते, इतका की नवख्याने कुपी तिथेच परत करावी. परंतु थोडा वेळ जाऊ दिला की नव्या माठात वाळ्याची जुडी टाकल्यावर पाण्याला येतो तसा गारवा त्यातून उलगडत जातो आणि घाम आला तरी तो बिघडत नाही.

हिनाचा स्वभाव अगदी उलट आहे. नाव मेंदीचे असले तरी त्यात जटामांसी, नागरमोथा, कपूरकचरी, लवंग, जायफळ अशी कितीतरी द्रव्ये चंदनतेलात उतरवलेली असतात आणि प्रत्येक कारखानदाराचे प्रमाण वेगळे असते. हे अत्तर उष्ण, गडद आणि भारदस्त आहे. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांच्या गर्दीतही ते आपले अस्तित्व राखते, पण भर दुपारी बंद एसटीत शेजाऱ्याचा जीव नकोसा करते, आणि पांढऱ्या सदऱ्यावर त्याचा तपकिरी डाग पडतो तो वेगळाच. थंडीत, जाड कपड्यांवर, त्याला तोड नाही.

एकच घ्यायचे असेल, तर आपल्याकडची कोरडी उष्णता लक्षात घेता मी निःसंकोचपणे खस निवडेन.

दुकानदाराची पद्धत मला आवडली. त्याने दोन्ही हातांवर एकेक अत्तर लावून, मनगटे एकमेकांवर न घासता बाजारात फिरून या आणि मगच ठरवा, असे सांगितले. घाई अजिबात केली नाही. मात्र कुपीवर ना भाव होता ना घटक. स्वस्त अत्तरांत चंदनतेलाऐवजी पॅराफिन तेल सर्रास वापरले जाते, त्यामुळे घेणाऱ्याने आधार कोणता आहे हे विचारावे आणि रूह खस म्हणून भाव लावला असेल तर तसे पावतीवर लिहून घ्यावे.