लहान रीफ टाकीतील उपद्रवी ॲनिमोनी: सुई, कोळंबी की बर्घिया?

रीफ टाकीतील, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील, लाइव्ह रॉकच्या (जिवाणू व लहान जीव वसलेल्या खडकाच्या) खाचेतून लांब शुंडकांचा एक तपकिरी, अर्धपारदर्शक जीव डोकावू लागतो, तेव्हा सुरुवातीला तो बहुतेकांना शोभेचाच वाटतो. काही आठवड्यांनी त्याच खडकावर तसे दहा जीव दिसतात, शेजारची झोआंथिडची (फुलासारख्या उघडणाऱ्या, प्रवाळांच्या नात्यातल्या जिवांची) वसाहत दिवसभर मिटलेली राहते आणि उपाय शोधण्याची घाई सुरू होते. हा आढावा अशा वेळी निर्णय घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. तो 40 ते 100 लिटरच्या टाक्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण मोठ्या टाकीत बिनधोक वापरता येणारे काही उपाय एवढ्या कमी पाण्यात घातक ठरू शकतात.

उपाय निवडण्याआधी समोर नेमके काय आहे ते ओळखले पाहिजे. उपद्रवी ॲनिमोनी (खडकाला चिकटून राहणारे, शुंडकांनी दंश करणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ऐपटेशियाचा देठ उंच, शुंडके बारीक व टोकदार आणि रंग फिकट तपकिरी असतो. तिला डिवचले की ती क्षणात बिळात ओढली जाते आणि अनेकदा अंगातून पांढरे, दंश करणारे धागे बाहेर टाकते. मजानो बुटकी असते, तिची शुंडके आखूड असून टोकांना किंचित फुगीर असतात, आणि हिरव्या किंवा गुलाबी छटेमुळे ती बबल टिप या हौसेने पाळल्या जाणाऱ्या ॲनिमोनीचे पिल्लू असावे असा समज सहज होतो. नळीत राहणारे पिसारेवाले कृमी मात्र निरुपद्रवी असतात. त्यांचा पिसारा आत गेल्यावर मागे नळी उरते. हा फरक नीट पाहावा, कारण पुढे ज्या प्राण्यांचा विचार केला आहे ते ऐपटेशिया खातात आणि मजानोला बहुधा तोंडही लावत नाहीत.

ऐपटेशिया खरवडून काढण्याचा मोह सर्वांत आधी होतो आणि तोच सर्वांत महागात पडतो. तिच्या तळपायाचा लहानसा तुकडा खडकाला चिकटून राहिला तरी त्यातून नवी, पूर्ण ॲनिमोनी वाढते. सरकत जाताना ती आपणहूनही असे तुकडे मागे सोडते. या सहज होणाऱ्या अलैंगिक वाढीमुळेच प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारी शैवाले यांच्या सहजीवनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी तिला नमुना-जीव म्हणून स्वीकारले आणि 2015 मध्ये तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेला सोयीचा असलेला हा गुण आपल्या टाकीत आपल्या विरुद्ध काम करतो. म्हणून पाते, चिमटा आणि ब्रश यांचा विचार येथेच सोडून द्यावा.

पहिला खरा पर्याय सुईचा आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे कालकवासरची, भुकटी थोड्याशा आरओ पाण्यात कालवून दाट लगदा करतात, पाण्याचा प्रवाह बंद ठेवतात, आणि सिरिंजच्या टोकाने तो लगदा हळूच ॲनिमोनीच्या तोंडाजवळ सोडतात. खाद्य समजून तिने तो गिळला की तीव्र अल्कधर्मी लगद्याने ती आतून नष्ट होते. रेड सी कंपनीचे ऐपटेशिया-एक्स यांसारखी तयार औषधेही अशाच पद्धतीने वापरतात. या पर्यायाचा मोठा गुण असा की परिणाम लगेच दिसतो आणि मजानोवरही तो चालतो. परंतु लहान टाकीत येथे हिशेब करावा लागतो. अर्धा ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड 40 लिटर पाण्यात पूर्ण विरघळले, तर अल्कधर्मिता जवळजवळ 1 डीकेएचने (डीकेएच हे अल्कधर्मितेचे एकक) वाढते आणि त्याबरोबर पीएचही झटक्याने वर जातो. प्रत्यक्षात सगळा लगदा एकदम विरघळत नाही, तरीही एका दिवसात दोन किंवा तीन ॲनिमोनींवर थांबावे, त्यानंतर पीएच मोजावा, आणि पुढची फेरी एक-दोन दिवसांनी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या तासाने उरलेला पांढरा लगदा बारीक नळीने ओढून घ्यावा, म्हणजे तो प्रवाळावर उडत नाही. हा पदार्थ डोळ्यांना आणि त्वचेला भाजणारा आहे, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे.

सुईची मर्यादा ॲनिमोनींच्या संख्येत आणि जागेत आहे. पाच-सहा ॲनिमोनी समोरच्या बाजूला असतील तर ती उत्तम काम करते. पन्नास असतील आणि त्यांतल्या निम्म्या खडकाच्या मागे असतील, तर सुई पोहोचत नाही आणि अर्धवट जखमी झालेली ॲनिमोनी बिळात शिरून पुन्हा उगवते. लिंबाचा रस किंवा उकळते पाणी टोचण्याचे सल्लेही दिले जातात. ते कधी लागू पडतात, पण लगद्याइतका भरवसा त्यांच्यावर ठेवता येत नाही. एखादीच ॲनिमोनी सपाट जागी असेल, तर तिच्यावर जेल स्वरूपातील सायनोॲक्रिलेट गोंद किंवा इपॉक्सी पुट्टी दाबून बीळ बुजवता येते, मात्र कडेला फट राहिली तर ती तेथून बाहेर येते.

दुसरा पर्याय पेपरमिंट कोळंबीचा आहे. हा सर्वांत सोपा वाटतो आणि कित्येक टाक्यांत यशस्वीही होतो, पण तो खात्रीचा नाही. लिस्माटा वंशातील एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती याच नावाने मिळतात आणि त्या सगळ्यांना ऐपटेशियाची सारखी गोडी नसते. जी खाते तीही लहान ॲनिमोनी निवडते, मोठीच्या वाटेला जात नाही. टाकीत माशांचे खाद्य भरपूर पडत असेल, तर तिला कष्ट करण्याचे कारणच उरत नाही. भूक लागल्यावर ती मांसल प्रवाळांच्या तोंडातला घासही पळवते. खरेदी करताना उंट कोळंबीशी होणारी गल्लत टाळावी. पेपरमिंटचे अंग अर्धपारदर्शक असून त्यावर बारीक तांबड्या रेषा असतात. उंट कोळंबीच्या पाठीला ठळक कुबड असते, तांबड्या पट्ट्यांमध्ये पांढऱ्या रेषा व ठिपके असतात, आणि ती मऊ प्रवाळ व झोआंथिड कुरतडते. मी कोळंबीकडे नव्याने उगवणाऱ्या ॲनिमोनी आटोक्यात ठेवणारा राखणदार म्हणून पाहतो. माजलेल्या टाकीची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकणे योग्य नाही.

तिसरा पर्याय बर्घिया हा आहे. ही दोन-तीन सेंटिमीटर लांबीची, कवच नसलेली सागरी गोगलगाय ऐपटेशियाशिवाय दुसरे काही खात नाही, आणि खाल्लेल्या शिकारीच्या दंशपेशी आपल्या पाठीवरच्या उपांगांत साठवून स्वतःच्या रक्षणासाठी वापरते. जेथे सुई पोहोचत नाही तेथे ती रात्रीच्या अंधारात पोहोचते, प्रवाळाला धक्का लावत नाही आणि पाण्याच्या रसायनात बदल करत नाही. प्रत्येक बर्घिया उभयलिंगी असली तरी अंडी फलित होण्यासाठी किमान दोन लागतात. त्या पांढऱ्या, वेटोळ्या फितीसारखी अंडी घालतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. खरे काम ही पुढची पिढी करते. म्हणूनच पहिला महिनाभर काहीच घडत नसल्यासारखे वाटते, आणि टाकी स्वच्छ व्हायला दोन-तीन महिने सहज लागतात. तेवढा धीर नसेल तर हा पर्याय निवडू नये.

बर्घिया सोडण्यापूर्वी टाकीतील इतर रहिवाशांची यादी प्रामाणिकपणे तपासावी. सिक्स-लाइन रॅस आणि तिच्यासारखे किडे टिपणारे मासे, बाणखेकडा, कोरल बँडेड कोळंबी आणि पेपरमिंट कोळंबीही बर्घियाला खाऊ शकतात. म्हणजे दुसरा आणि तिसरा पर्याय एकाच वेळी वापरणे हा पैशांचा आणि जिवांचा अपव्यय आहे. दोन्ही उपाय केले म्हणजे दुप्पट परिणाम होईल ही समजूत चुकीची आहे. पंपाच्या तोंडाला स्पंजची जाळी लावावी, गोगलगायी दिवे मालवल्यावर खडकाजवळ सोडाव्यात, आणि त्या काळात सुई वापरू नये. शेवटची ऐपटेशिया संपली की बर्घिया उपाशी मरते, ही गोष्ट मला कायम सलते. त्यामुळे ॲनिमोनी कमी होत आल्या की गोगलगायी पकडून ज्याच्या टाकीत ऐपटेशिया आहे अशा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

माशांबद्दल थोडक्यात सांगता येते. कॉपरबँड बटरफ्लायफिशला काहीशे लिटरची टाकी लागते आणि तो नवीन जागी अन्न घ्यायला नाखूश असतो, त्यामुळे येथे त्याचा विचारच नको. ऐपटेशिया खाणारा फाइलफिश आकाराने लहान असला तरी 40 लिटरमध्ये त्याला कोंडणे अन्यायाचे आहे, शिवाय तो झोआंथिड आणि मांसल प्रवाळांचे लचके तोडू शकतो.

एक मार्ग केवळ लहान टाकीवाल्यांनाच सहज उपलब्ध असतो. सगळा उपद्रव एखाद-दुसऱ्या सुट्या खडकावर असेल, तर तो खडकच बाहेर काढून पूर्ण वाळवता येतो. असे करताना त्यावरचे उपयुक्त जिवाणूही जातात, म्हणून एकूण खडकाचा थोडाच भाग एका वेळी काढावा आणि नंतर अमोनिया तपासत राहावे. खडक घरात उकळू मात्र नये. त्यावर पॅलिथोआ (झोआंथिडचाच एक प्रकार) किंवा इतर झोआंथिड असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष हवेत पसरू शकते, आणि अशा प्रसंगांत माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागले आहे.

माझी निवड पुढीलप्रमाणे राहील. मजानो असेल तर सुई किंवा खडक बाहेर काढणे, तिसरा मार्ग शोधत बसू नये. ऐपटेशिया दहाच्या आत असेल तर सुई, आणि त्यानंतर वाटल्यास पेपरमिंट कोळंबी. ती खडकाच्या मागे पसरली असेल आणि टाकीत बर्घियाचे शत्रू नसतील, तर बर्घिया. शत्रू असतील आणि त्यांना हलवणे शक्य नसेल, तर सर्वांत मोठ्या ॲनिमोनी आधी टिपत आठवड्यांमागून आठवडे सुईच चालवावी आणि खाद्य कमी करावे, कारण उरलेल्या प्रत्येक कणावर ऐपटेशियाही पोसली जाते. आणि कोणताही पर्याय घेतला तरी टाकीच्या मागचा गाळणीचा कप्पा टॉर्च लावून पाहावा. तेथे प्रकाश नसला तरी वाहून येणाऱ्या अन्नावर ऐपटेशिया फिकट होऊन जगते, आणि समोरचा खडक साफ झाल्यावर तिचे तुकडे तेथूनच परत येतात.