रोजच्या फोनवर बीटा आवृत्ती : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मी माझ्या एकुलत्या एक फोनवर ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा, म्हणजे अंतिम होण्याआधी चाचणीसाठी दिली जाणारी, आवृत्ती घेतली आणि अंतिम आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे सुमारे आठ महिने, तीच वापरली. रोजच्या फोनवर ही आवृत्ती घेऊ नये, असे नोंदणीच्या पानावरच लिहिलेले होते. ते वाचूनही मी घेतली, त्यामुळे पुढील गाऱ्हाण्यांपैकी निम्म्यांचा दोष माझ्याकडे येतो.

पहिले दोन महिने बॅटरीने छळले. सकाळी फोंड्याहून पणजीच्या कदंब बसमध्ये बसताना पूर्ण भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत 20 टक्क्यांवर येई, आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नसल्यामुळे पॉवर बँक छत्रीइतकीच गरजेची झाली. ऑगस्टच्या अपडेटने हा त्रास थांबला. बँकेच्या अ‍ॅपचे दुखणे मात्र वेगळे होते. फोनवरील सिस्टिम प्रमाणित आहे की नाही हे अशी अ‍ॅप तपासतात आणि चाचणीची आवृत्ती त्या तपासणीत कधीकधी नापास होते. माझी ती नेमकी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, म्हापशाच्या बाजारात माटोळीचे (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायच्या चौकटीचे) सामान निवडून झाल्यावर झाली आणि शेजाऱ्यांकडून हातउसने पैसे घ्यावे लागले.

खरा अनुभव सप्टेंबरनंतरचा आहे. नव्या अपडेटमध्ये देवनागरीचा टंक (फॉन्ट) बदलला आणि ‘ऱ्य’ बिघडला. ‘दऱ्या’ लिहिले की पडद्यावर ‘दर्या’ उमटे, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. हिंदीत हे जोडाक्षर नसल्यामुळे हिंदी लिहिणाऱ्या परीक्षकांना ते खटकण्याचा प्रश्नच नव्हता. मी पडद्याच्या चित्रांसह तक्रार नोंदवली. दोन आठवड्यांत तिला इतर परीक्षकांची 11 मते मिळाली, तर बॅटरीच्या तक्रारीला हजारोंनी.

थोड्या मतांची तक्रार मागे पडण्याचा हा धोका नवा नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 च्या अपडेटनंतर काहींच्या फायली नाहीशा झाल्या आणि मायक्रोसॉफ्टला वितरण थांबवावे लागले. ते 13 नोव्हेंबरला पुन्हा सुरू झाले. फायली जात असल्याच्या तक्रारी काही परीक्षकांनी आधीच केल्या होत्या, पण मते थोडी असल्यामुळे त्या खाली राहिल्या. त्यानंतर तक्रारीचे गांभीर्य नोंदवण्याची सोय करण्यात आली. हे आठवून मी माझ्या तक्रारीचे शीर्षक ‘अक्षर नीट दिसत नाही’ऐवजी ‘लिहिलेल्या शब्दाचा अर्थ बदलतो’ असे केले आणि शब्दांच्या जोड्या दिल्या. तीन दिवसांत उत्तर आले.

अंतिम आवृत्ती नोव्हेंबरात येणार होती, ती जानेवारीच्या अखेरीस आली. कार्यालयातील सहकारी या विलंबावर वैतागले होते. मला तो खटकला नाही, कारण त्या वाढीव मुदतीतल्या दुसऱ्या अपडेटमध्येच ‘ऱ्य’ जागेवर आला. कंपनीने मात्र विलंबाचे कारण एका ओळीनेही सांगितले नाही, आणि ते मला पटलेले नाही. एप्रिल 2024 मध्ये उबुंटू 24.04 या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा आवृत्ती एक आठवडा पुढे गेली, तेव्हा फायली लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनात चोरवाट सापडल्यामुळे पॅकेजेस नव्याने बांधावी लागत असल्याचे उघड सांगितले गेले होते. ती चोरवाटही डेबियन या ऑपरेटिंग सिस्टिमची अजून विकसित होत असलेली ‘अनस्टेबल’ आवृत्ती वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांना, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा शोध घेताना सापडली.

बीटातून बाहेर पडताना एक काळजी घ्यावी. माझ्या फोनवर मध्येच बीटा सोडली असती तर सगळी माहिती पुसली गेली असती; अंतिम आवृत्ती बसल्यावर नोंदणीतून नाव काढल्यामुळे काहीही गेले नाही. पुढच्या आवृत्तीची बीटा आता भावाच्या जुन्या फोनवर घेतली आहे आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर ‘दऱ्या’ लिहून पाहिले.