पालकांच्या हातून होणारे मानसिक आघातावरील उपचार: धंतोलीतील एका केंद्राचा अनुभव

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि आमच्या वस्तीत पाणी शिरले. तेव्हापासून आभाळ भरून आले की आमची मुलगी शाळेत जाईना, आणि बाहुल्यांना पलंगावर चढवून ‘पाणी आलं’ हाच खेळ खेळत राही. “लहान आहे, विसरेल,” असे नातेवाईक सांगत राहिले. पुढच्या पावसाळ्यात लक्षणे वाढली, तेव्हा आम्ही धंतोलीतील एका बालसमुपदेशन केंद्रात गेलो.

येथील पद्धत दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील अ‍ॅलिसन सलूम यांच्या टप्प्याटप्प्याने द्यायच्या उपचारांवर बेतलेली आहे. पहिल्या टप्प्यात समुपदेशकाच्या भेटी मोजक्याच असतात. बाकीच्या बैठका पालक घरी कार्यपुस्तिकेच्या आधारे घेतात, आणि एवढ्याने भागले नाही तरच नेहमीचे प्रदीर्घ उपचार सुरू होतात. ४ ते १२ वर्षांच्या १८३ मुलांवरील २०२२ च्या अमेरिकी अभ्यासात ही पद्धत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी पडली नाही आणि खर्चही एक तृतीयांशाहून अधिक वाचला.

प्रत्यक्षात मुलीने आधी श्वासाचे व्यायाम शिकून घेतले, मग त्या रात्रीचे चित्र काढले, नंतर डोळे मिटून ती रात्र आठवली, आणि भीतीच्या शिडीच्या, म्हणजे कमी भीतीच्या गोष्टीपासून जास्त भीतीच्या गोष्टीकडे नेणाऱ्या क्रमाच्या, शेवटच्या पायरीवर आईचा हात धरून तलावाच्या काठावर उभी राहिली. यातले अवघड काम आमचेच होते: ती रडू लागली की “काही होत नाही गं” म्हणून विषय बदलण्याचा मोह आवरायचा. आठवड्याच्या ठरल्या फोनवर समुपदेशक ताई नेमके हेच विचारत, आणि माझ्या मते शुल्काची खरी किंमत त्या फोनमध्ये आहे.

पुस्तिकेचे मराठी मात्र इतके पुस्तकी आहे की वाक्ये आम्हालाच घरच्या भाषेत सांगावी लागली. सायंकाळच्या वेळा नसल्याने नोकरी करणारे वडील तेथे क्वचितच दिसतात, ही केंद्राची मोठी उणीव होय. मुलाला घरातल्याच कोणाकडून इजा झाली असेल, किंवा पालक स्वतःच त्या धक्क्यातून सावरलेले नसतील, तर हा मार्ग योग्य नाही. केंद्र हे पहिल्याच भेटीत स्वतंत्रपणे विचारते आणि गरज असल्यास थेट बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.