चूळ की कापसाचा बोळा?

मुलाची दाढ काढली किंवा पडून तोंड फुटलं की घरात दोन पक्ष पडतात. आमच्या खानापुरातल्या घरात पहिला पक्ष आज्जीचा: कोमट पाणी नि मीठ. दुसरा दवाखान्याच्या चिठ्ठीतला: अल्कोहोल नसलेलं क्लोरहेक्झिडिन, ०.२ टक्के, म्हणजे तोंडातले जंतू मारणारं बाटलीतलं औषध. दोन वर्षांत मी दोन्ही करून पाहिलं, थोरल्याला मीठ आणि धाकटीला बाटली.

मिठाला नावं ठेवायला जागा नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, घरात कायम हाताशी, शिवाय दाताला डाग नाही की तोंडाची चव जात नाही. माझं भांडण मिठाशी नाही, चुळीशी आहे.

थोरला तेव्हा आठ वर्षांचा. बेळगावला नेऊन दुधाची दाढ काढली. खुर्चीवर कंपाउंडर "उगुळु, उगुळु" म्हणाला की पठ्ठ्या कन्नडात बरोबर थुंकायचा. घरी आल्यावर मात्र मोरीत कारंजं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पहिले चोवीस तास चूळ नको, जखमेत धरलेली रक्ताची गाठ निघून येते. आज्जीनं प्रेमापोटी संध्याकाळीच पेला पुढे केला. त्यानं गाल फुगवून खळाखळा चूळ भरली आणि पाणी लाल. पुन्हा अर्धा तास गॉज चावून बसवला, आज्जी देवापाशी, मी घड्याळापाशी. पुढचे चार दिवस प्रत्येक जेवणानंतर तोच तमाशा: हळू, जोरात नको, गिळू नको, अंगावर नको. शाळेत तर त्यानं एकदाही चूळ भरली नसणार.

धाकटी चार वर्षांची, ओट्याच्या पायरीवर आपटली. वरचा पुढचा दुधाचा दात हलायला लागला, ओठ सुजला. (दात पुरता निखळून आला असता तरी दुधाचा परत बसवत नाहीत. कायमचा असेल तर मुळाला हात न लावता जागेवर बसवायचा, नाहीतर दुधात घालून धावायचं.) तिला चूळ म्हणजे पाणी पिणंच, त्यामुळे माउथवॉश म्हणून बाटली हातात देण्याचा प्रश्नच नव्हता. कापसाचा बोळा औषधात बुडवून, निथळून, हिरडीच्या कडेनं हलकेच फिरवायचा, सकाळ-रात्र, आठवडाभर. ती मांडीवर आडवी, मी वरून वाकलेला, वीस आकडे मोजेपर्यंत काम उरकायचं. बारापर्यंत तर ती स्वतःच मोजायची. बाकी मऊ ब्रश आणि मऊ भात. भडंग आठवडाभर डब्यात बंद.

तोटे आहेत, लपवत नाही. चव कडवट. तिसऱ्या दिवशी तिनं आंबील "घाण लागतंय" म्हणून सरकवली. दातांच्या कडेला तपकिरी झाक धरली, आणि आमच्याकडं पोरांनाही बशीत चहा लागतो, त्यानं ती जास्तच धरते. पुढं दवाखान्यात पॉलिश केल्यावर गेली. आणखी एक, पेस्टनं दात घासल्यावर लगेच हे औषध लावलं तर त्याचा जोर कमी होतो. मध्ये अर्धा तास जाऊ द्यायचा.

आता मिठाच्या पाण्याचाच बोळा का नको, असं आज्जी विचारते. फिरवा की, जखम स्वच्छ राहील. पण हिरडी दुखते म्हणून ब्रश नीट लागत नाही, तिथं दातावर साचणारा थर हे औषध रोखतं, तेवढं मिठाला जमत नाही असा माझा समज.

तुमचं पोर सहाच्या पुढचं असेल, सांगितलं तेवढंच करणारं असेल, तर दुसऱ्या दिवसापासून मीठ पुरे, उगाच डाग कशाला. माझ्या घरात तसलं पोर नाही. आणि काहीही लावा, दात काळपट पडला किंवा हिरडीवर पुळी आली तर घरचे उपाय बंद, बेळगावची गाडी पकडायची.

आमची बाटली अजून अर्धी आहे. फ्रिजवर ठेवली आहे, थोरल्याचा हात पोचणार नाही अशी.