बारा ट्यूबांचा ऑइल कलर सेट: सात महिन्यांनंतर

सफेदा संपला. तिसऱ्यांदा. आणि त्याच डब्यातला विरिडियन, म्हणजे हिरवा, अजून सीलबंद आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

सेट नेहमीचाच, प्रत्येकी २० मिलीच्या ट्यूबा. घेतला तो बाबांचं पोर्ट्रेट जुन्या पद्धतीनं करायला: आधी बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचं पातळ अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पाया, मग थरावर थर. कपाळावरचा उजेड, नाकाचा शेंडा, पांढऱ्या मिशा, सगळीकडे सफेदाच लागतो. मग तो विरिडियनच्याच मापानं देऊन कसं भागायचं? माझा तीन आठवड्यांत उडाला. शेवटी ट्यूब कात्रीनं कापून खरवडली.

मे महिन्यात तर मी हा सेट फेकायलाच निघालो होतो. अंबर एका रात्रीत वाळला, सफेदा पाचव्या दिवशीही बोटाला लागत होता. त्यात कूलरच्या वाळ्याच्या ताटीतल्या काड्या उडून बाबांच्या कपाळावर चिकटल्या. चिमट्यानं एकेक उपटली. नागपुरातल्या बर्डीच्या बाजारात जाऊन दुकानदाराशी अर्धा तास भांडलो. "उघडलेली ट्यूब वापस नाही होत," एवढंच त्याचं पालुपद.

ही तक्रार मात्र मागे घेतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबरमधलं मँगनीज ते काम लवकर उरकतं, टिटॅनियम सफेदा मुळातच सुस्त. हनुवटीवर भेगा पडल्या त्याही माझ्याच करणीनं. ब्रश सरसर फिरावा म्हणून खालच्या थरात जवसाचं तेल ओतलं आणि वरचा थर कोरडा, कमी तेलाचा दिला. पाहिजे नेमकं उलटं.

आता चारच रंग काढतो: सफेदा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा). स्वीडनचे चित्रकार आंदेर्स झोर्न यांच्या नावानं हा पॅलेट, म्हणजे रंगांचा संच, ओळखला जातो. बाबांच्या दाढीच्या खुंटांची निळसर झाक मी आधी कोबाल्ट ब्लूनं आणायला गेलो, तर गालावर मार बसल्यासारखं दिसलं. काळ्यात सफेदा मिसळला, शेजारी ऑकरचा गाल होताच, निळं आपोआप दिसलं. म्हणजे आठ ट्यूबांचे पैसे पाण्यात. पोर्ट्रेटच करायचं असेल तर सुट्या चार घ्या, सफेदा मोठा घ्या.

बाबा वीस मिनिटांच्या वर बसत नाहीत, चहा लागतो. काल उठता उठता म्हणाले, "अजून नाकच करून राहिला का बे?"

कानही राहिलाय. उद्या बर्डीला जाईन, त्याच दुकानात. दहा रुपये कमी घेतो.